चाकात हवा किती असावी?

मोटार विकत घेताना आपण पुष्कळ चौकशा करतो. इंजिन किती शक्तीचे, एका लिटरात किती किलोमीटर जाईल, रंग टिकेल की नाही, पुढेमागे विकल्यास किंमत काय येईल, हे सारे प्रश्न घरातील लहानथोर मंडळी विचारतात. परंतु ज्या वस्तूच्या आधारावर ही सारी मोटार रस्त्यावर उभी असते, त्या चाकांतील हवेविषयी सहसा कोणी काही विचारीत नाही. पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा नळी हातात घेऊन 'कितनी रखूँ, बाबूजी?' असे विचारतो आणि बाबूजी खिडकीतूनच 'तीस-पैंतीस रख दो' असे सांगून मोकळे होतात. तीस आणि पस्तीस यांत अंतर आहे, आणि ते प्रसंगी माणसाच्या जिवाशी येऊन भिडते. म्हणून या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अवश्य आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, मोटारीचा भार टायरचे रबर फारसा पेलत नाही. तो पेलते आत कोंडलेली हवा. रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, पण ती विस्मरणात गेली. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती पुन्हा शोधून काढली, आणि १८९५ साली मिशलँ बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेची चाके लावलेली मोटार पळवून दाखविली. हवेवर भार तोलावयाचा हे तेव्हापासून ठरून गेले. किती हवेवर, एवढाच प्रश्न उरला.

हा दाब आपल्याकडे अजूनही दर चौरस इंचास इतके पौंड, अशा रीतीने सांगतात. 'तेहतीस हवा' म्हणजे दर चौरस इंचास ३३ पौंड. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३२ किलोग्रॅम. आता एक साधे गणित करून पाहू. मोटारीचे वजन १,००० किलोग्रॅम आहे व ते चारही चाकांवर सारखे वाटले गेले आहे असे धरू. प्रत्येक चाकावर २५० किलोग्रॅम भार आला. या भाराला २.३२ ने भागले म्हणजे सुमारे १०८ चौरस सेंटिमीटर येतात. चाकाचा जमिनीला टेकलेला भाग एवढाच असतो. आपला तळहात बोटे मिटून जमिनीवर ठेवला तर जेवढी जागा व्यापील, साधारण तेवढाच. वळणे, थांबणे, घसरण्यापासून वाचणे, मोटारीची ही सारी कामे चार तळहातांएवढ्या जागेवर चाललेली असतात.

हवा २५ पौंडांवर आली तर तेच गणित १४२ चौरस सेंटिमीटर दाखविते. येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, टेकणारा भाग वाढला तर पकडही वाढली, मग यात वाईट ते काय? प्रश्न योग्य आहे. पण ही वाढ फुकट मिळत नाही. जागा वाढण्यासाठी टायर खाली बसावा लागतो, त्याच्या बाजू अधिक वाकाव्या लागतात. भार मधल्या भागावरून सरकून दोन्ही कडांवर जातो आणि कडा लवकर झिजतात. वळण घेताना असे चाक डुगडुगते आणि सुकाणूची आज्ञा उशिरा पाळते. उलट पक्षी, हवा प्रमाणाबाहेर भरली तर टायर मध्ये फुगतो, टेकणारा भाग आक्रसतो, नक्षी मधोमध झिजते आणि खड्ड्यातून जाताना चाक दबण्याऐवजी उसळते. ब्रेक दाबला असता असे उसळणारे चाक रस्त्याला नीट धरून राहत नाही.

याच गणितावरून एक नेहमीचे कोडे सुटते. माणसाची सायकल मोटारीहून किती हलकी. मग तिच्या चाकात मोटारीपेक्षा जास्त दाब का लागतो? सायकल व स्वार मिळून ७० किलोग्रॅम धरले तर एका चाकावर ३५ येतात. पण चाक दोन बोटांच्या रुंदीचे. मोटारीइतकाच दाब ठेवला तर त्याला १५ चौरस सेंटिमीटर टेकावे लागेल, आणि एवढ्या अरुंद चाकाने तेवढे टेकावयाचे म्हणजे लोखंडी धाव जवळजवळ रस्त्याला लागणार. ५० पौंडांवर दहा चौरस सेंटिमीटरांत काम भागते. म्हणून दाब मोटारीपेक्षा अधिक. मालमोटारीच्या चाकांत शंभराहून अधिक पौंड हवा असते, त्याचे कारण मात्र सरळ तिच्या ओझ्यात आहे.

चाक खाली बसण्याचा खरा धोका निराळाच आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. चाकाचा व्यास सुमारे ६० सेंटिमीटर धरला तर परीघ १.८८ मीटर होतो. उज्जैनहून इंदूर सुमारे ५५ किलोमीटर. तेवढ्या अंतरात चाक जवळजवळ २९,००० वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा जमिनीवर येऊन वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. ताशी ८० किलोमीटर वेग असेल तर हे वाकणे-सरळ होणे सेकंदाला बारा वेळा घडते. लोखंडी तार हाताने पुन्हापुन्हा वाकविली तर ती वाकल्या जागी गरम होते, हे आपण सर्वांनी करून पाहिले आहे. रबराचेही तसेच. प्रत्येक वेळी वाकविण्यासाठी जेवढी शक्ती लागते तेवढी सारी परत मिळत नाही. उरलेली उष्णतेच्या रूपाने रबरातच राहते. हवा कमी म्हणजे वाकणे अधिक, वाकणे अधिक म्हणजे उष्णता अधिक. टायरच्या पोटात पोलादी तारांचे पट्टे रबरात बसविलेले असतात. उष्णता मर्यादेबाहेर गेली की रबराची त्यांवरील पकड सुटते, थर विलग होतात आणि भर वेगात टायर चिंध्या होऊन निघून जातो. रस्त्याच्या कडेला रबराच्या लांबच लांब काळ्या सालपटी पडलेल्या दिसतात, त्या बहुधा अशाच टायरांच्या असतात.

या बाबतीतील सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. १९९० साली फोर्ड कंपनीने 'एक्सप्लोरर' नावाची उंच बांध्याची मोटार विक्रीस आणली. तिला फायरस्टोन कंपनीचे टायर असत, आणि त्यांत २६ पौंड हवा ठेवावी अशी फोर्डची शिफारस होती. त्या टायरांचे वरचे थर धावता धावता सुटू लागले, मोटारी उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. सरकारी नोंदीनुसार या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे दगावली. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्निया या उष्ण राज्यांत अपघातांचे प्रमाण अधिक होते. टायर कंपनी म्हणे, २६ पौंड हवा फार कमी, ३० ठेवा. मोटार कंपनी म्हणे, दोष टायरचाच. सरकारी चौकशीत टायरच्या घडणीत दोष आढळला हे खरे, आणि केवळ हवेमुळे हे सारे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि दुबळ्या टायरला जी थोडी सवड हवी होती, ती कमी दाबाने, उन्हाने आणि वेगाने हिरावून घेतली, एवढे निश्चित. चार पौंडांवरून दोन मोठ्या कंपन्यांत वाद जुंपला आणि त्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा केला. त्या कायद्याच्या आधारे, हवा कमी होताच चालकास इशारा देणारे यंत्र तेथील नव्या मोटारींत पुढे सक्तीचे झाले.

हे सांगण्याचे विशेष कारण असे की, आपल्या माळव्यात आणि खानदेशातही एक समजूत घट्ट रुजलेली आहे. उन्हाळ्यात हवा तापून प्रसरण पावते, टायर फुटतो, म्हणून उन्हाळ्यात हवा तीन-चार पौंड कमीच भरावी, असे जाणते म्हणविणारे लोकही सांगतात. ऐकावयास हे शास्त्रीय वाटते. परंतु वर सांगितलेले ध्यानात घेतले तर हा उपाय रोगापेक्षा भयंकर आहे, हे सहज कळेल. हवा कमी केली की टायर अधिक वाकतो, आणि ज्या उष्णतेच्या भीतीने हवा काढली तीच वाढते. उन्हाने वाढणारा दाब सोसण्याची शक्ती चांगल्या टायरमध्ये राखूनच ठेवलेली असते.

उष्णतेने दाब किती वाढतो, हे आता उज्जैनपुरते मोजून पाहू. आकारमान स्थिर असता वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, हा गे-ल्युसॅकचा नियम वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. नियम लावताना दोन गोष्टी विसरू नयेत. तापमानात २७३ मिळवावयाचे, आणि दाबमापकाने दाखविलेल्या दाबात बाहेरील वातावरणाचा दाब मिळवावयाचा. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंच आहे, म्हणून येथे तो सुमारे १३.९ पौंड असतो. मे महिन्यातील एका पहाटे, २७ अंशांवर, चाकात ३३ पौंड हवा आहे. म्हणजे एकूण दाब ४६.९. ही मोटार दुपारी इंदूरहून परत येते आणि चाकातील हवा ६० अंशांपर्यंत तापते. ४६.९ ला ३३३ ने गुणून ३०० ने भागावे. उत्तर सुमारे ५२ येते; त्यातून १३.९ वजा केले की दाबमापकावर ३८ दिसतील. वाढ पाच पौंडांची. एवढ्या वाढीने निकोप टायर फुटत नाही.

परंतु गैरसमजाची सुरुवात येथेच होते. चालक पंपावर थांबतो, ३८ आकडा पाहून दचकतो आणि पाच पौंड हवा काढून ती 'बरोबर' ३३ करतो. दुसऱ्या दिवशी पहाटे चाक २७ अंशांवर आल्यावर तीच हवा सुमारे २८ भरते. पुढे जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांवर उतरले की ती २६ वर येते. योगायोग असा की, हा आकडा त्या अमेरिकन मोटारीचाच. यातही मधल्या काळात झिरपून गेलेली हवा धरलेली नाही. निर्दोष चाकातूनही महिन्याला एक ते दोन पौंड हवा झिरपतेच. मे ते जानेवारी कोणी पाहिलेच नाही तर दाब विसाच्या खाली गेलेला असेल, आणि मोटार मात्र चालतच असेल.

म्हणूनच नियम असा आहे की, हवा नेहमी थंड चाकात मोजावी. थंड म्हणजे मोटार निदान तीन तास उभी असली पाहिजे, किंवा जेमतेम दीड किलोमीटर चाललेली असावी. सकाळची वेळ उत्तम. एका बाजूच्या चाकांवर ऊन आणि दुसरीकडे सावली असेल तरी एखाददोन पौंडांचा फरक पडतो. प्रवासात गरम चाकात हवा भरणे भागच पडले, तर ठरलेल्या आकड्यापेक्षा चार पौंड अधिक ठेवावी व चाक थंड झाल्यावर पुन्हा पाहावी. गरम चाकातून हवा कधीही काढू नये.

आता ठरलेला आकडा कोणता, हा प्रश्न. तो पंपावरील मुलाला ठाऊक नसतो, शेजाऱ्यालाही ठाऊक नसतो. तो मोटारीवरच लिहिलेला असतो: चालकाचे दार उघडले की चौकटीच्या खांबावर, किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एक लहानशी पट्टी चिकटविलेली असते, शिवाय माहितीपुस्तकातही तो असतो. लहान मोटारींसाठी तो बहुधा ३० ते ३६ च्या दरम्यान असतो. मोटारीचे वजन, तिचा तोल, चाकाचे माप आणि वेग यांचा हिशेब करून व प्रत्यक्ष मोटार पळवून अभियंते तो ठरवितात. अशा परीक्षणाची एक मोठी जागा आपल्यापासून फार दूर नाही. धार जिल्ह्यात पीथमपूर येथील 'नॅट्रॅक्स' केंद्रात ११.३ किलोमीटर लांबीचा अंडाकृती वेगमार्ग आहे. तो २०२१ साली खुला झाला.

कित्येक लोक पट्टी सोडून टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा वाचतात. तेथे ४४ किंवा ५१ असे काही लिहिलेले असते. तो त्या टायरचा कमाल दाब होय. कोणत्याही एका मोटारीसाठी केलेली ती शिफारस नव्हे. एकच टायर निरनिराळ्या वजनाच्या मोटारींना बसतो, मग त्यावर सर्वांसाठी योग्य दाब कसा लिहिता येईल?

पट्टीवर बहुधा दोन ओळी असतात, एक दोघा-तिघांसाठी आणि दुसरी भरलेल्या मोटारीसाठी. दुसऱ्या ओळीत मागील चाकांचा दाब वाढविलेला असतो. ही ओळ आपल्या लोकांनी विशेष वाचण्यासारखी आहे. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली म्हणजे उज्जैन-इंदूरकडील कित्येक मराठी कुटुंबे सेंधव्यापुढचा बिजासन घाट उतरून धुळे, नाशिक, पुण्याकडे निघतात. पाच माणसे, मागे सामान, सामानावर पापड-कुरडयांचे डबे, वर खानदेशाचे ऊन. हवा मात्र गावात दोघे फिरताना होती तीच! वजन, ऊन आणि वेग तिन्ही एकाच दिवशी वाढतात.

अखंड वेगाचा प्रश्न तर अलीकडे अधिकच महत्त्वाचा झाला आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे; डिसेंबर २०२२ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला होत गेला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. तेथे सपाटीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. गावातील रस्त्यावर टायरला मधूनमधून विसावा मिळतो; येथे तो तासन्तास मिळत नाही. टायर फुटून अपघात झाल्याच्या बातम्या येऊ लागल्यावर परिवहन खात्याने या मार्गाच्या प्रवेशाशी टायर तपासण्यास प्रारंभ केला, हे योग्यच झाले. तथापि प्रत्येक अपघात टायरच्या माथी मारणेही बरे नव्हे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ जणांचा अंत झाला, तेव्हाही प्रथम टायर फुटल्याचेच सांगण्यात आले होते. परिवहन खात्याच्या पाहणीत तसा पुरावा आढळला नाही.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. रस्त्यावर पाणी साचले असता धावत्या चाकापुढे पाण्याची पाचर तयार होते, आणि एका विशिष्ट वेगाला ती चाकाला रस्त्यावरून उचलते. मग ब्रेक आणि सुकाणू दोन्ही निरुपयोगी. अमेरिकेच्या नासा संस्थेतील वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या सुमारास विमानांच्या चाकांवर प्रयोग करून असे दाखविले की, हा वेग चाकातील दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दाब ३६ पौंड असेल तर वर्गमूळ सहा आणि वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर. दाब २५ असेल तर वर्गमूळ पाच आणि वेग सुमारे ८३. मोटारीच्या टायरला नक्षी असते, तिच्या खोबणींतून पाणी निघून जाते, म्हणून हा हिशेब तिला तंतोतंत लागू पडत नाही. पण नक्षी झिजली की तो जवळ येऊ लागतो. खोबणींच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या खुणा असतात. नक्षी त्यांच्या पातळीवर आली की टायर बदलावयाचा.

नायट्रोजन भरण्याचे सध्या मोठे प्रस्थ आहे. तो कोरडा असतो व किंचित सावकाश झिरपतो, हे त्याचे गुण. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि गे-ल्युसॅकचा नियम दोघांना सारखाच. नायट्रोजन भरून वर्षभर निश्चिंत राहण्यापेक्षा साधी हवा दर पंधरा दिवसांनी पाहिलेली केव्हाही बरी. नव्या मोटारींतील इशाऱ्याच्या दिव्याविषयीही असेच म्हणता येईल. अमेरिकेतील नियमाप्रमाणे दाब शिफारशीहून पंचवीस टक्के उतरला म्हणजे तो लागलाच पाहिजे. ३३ चे पंचवीस होईपर्यंत तो गप्प राहिला तरी नियम मोडत नाही.

राहता राहिले मोजमाप. हल्लीचे टायर योग्य हवा असतानाही खाली किंचित फुगलेले दिसतात, त्यामुळे ३३ आणि २६ यांतील भेद नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ज्या गावात सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात वेधशाळा उभारून सावलीवरून वेळ मोजण्याची सोय केली, त्या गावात चाकाला लाथ मारून हवा अजमावणारे पाहिले म्हणजे गंमत वाटते. पंपावरील यंत्रे पुष्कळदा आपटलेली, उन्हात तापलेली असतात. त्यांच्या आकड्यावर फार विसंबू नये. लहानसा दाबमापक बाजारात अल्प किमतीत मिळतो. तो घरी ठेवावा, सकाळी व्हॉल्ववर दाबून आकडा वाचावा आणि वहीत लिहून ठेवावा. हे काम आठवी-नववीतील मुलामुलींना सहज करता येण्याजोगे आहे. एकच चाक दर खेपेस इतरांपेक्षा अधिक उतरत असेल तर त्यात खिळा किंवा व्हॉल्वचा दोष आहे, हे पंक्चर होण्याआधीच वहीवरून समजते.

मोजताना पाचवे चाकही विसरू नये. त्यास आपण स्टेपनी म्हणतो. वेल्समधील लानेथ्ली गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. १९०४ साली तेथे टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी जादा चाक बनविले, त्यावरून हा शब्द आला आणि आपल्या देशात कायमचा राहिला. भारतात २०२० साली झालेल्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, दाबाचा इशारा देणारे यंत्र आणि पंक्चर काढण्याची सामग्री असलेल्या मोटारींना हे चाक बाळगण्याची सक्ती उरलेली नाही. परंतु अजून बऱ्याच मोटारींत ते असते. पडून असले तरी त्यातूनही महिन्याला एक-दोन पौंड हवा जातच असते. म्हणून त्यात पट्टीवरील सर्वांत मोठ्या आकड्याहून दोन-तीन पौंड अधिक भरून ठेवावीत. लागेल तेव्हा थोडी काढून टाकणे सोपे असते, आणि घाटात पंप सापडत नाही.